पावरीवर सिनेमाचं गाणं

संपादकांचा फोन आला. "ताई, कलापथकातले गमतीचे किस्से लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं. आता लिहायला बसले तर गंमत आठवत नाही, भीती आठवते. गाण्याच्या आधीची, गाताना वाटलेली, आणि एकदा तर गाणं संपवता येत नाही म्हणून वाटलेली. ज्यांना हलकंफुलकं हवंय त्यांनी सरळ पुढचं पान काढावं.

मी निवृत्त वगैरे नाही. तिशीसुद्धा झालेली नाही. कॉलेज सुटल्यापासून शेतमजुरांच्या एका संघटनेत पूर्णवेळ आहे. काम काय? तर लोकांच्या तोंडी बसलेलं सिनेमाचं गाणं घ्यायचं, त्यातली प्रेमाची बडबड काढून टाकायची, आपले शब्द घालायचे, ढोलकी आणि पावरीवर बसवायचं आणि आठवडी बाजारात उभं राहून म्हणायचं. नातेवाईक विचारतात, "याला काम म्हणतात का?" म्हणतात. घसा बसतो, पाय सुजतात, लोक शिव्या देतात. अजून काय असतं कामात?

आमच्या नाशिकच्या वस्तीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. नवा सिनेमा लागला की चार दिवसांत त्याच्या चालीवर जयंतीचं गाणं तयार. माझे वडील दिवसा कारकून आणि संध्याकाळी गायन पार्टीत पेटीवर. ते म्हणायचे, चाल लोकांच्या कानात आधीच जाऊन बसलेली असते, आपण फक्त शब्द पाठवायचे. मला हे उशिरा पटलं. मी आधी पत्रकं लिहायची. ठळक मथळा, खाली मागण्या, प्रत्येक मागणीला उद्गारचिन्ह. डोंगरातल्या हरसूलच्या बाजारात पत्रक वाटलं की थोड्या वेळानं त्याच पत्रकात सुकट बांधून माणसं घरी निघालेली दिसायची. माझ्या उद्गारचिन्हांना सुकटीचा वास. मग मी गाण्याकडे वळले.

सिनेमाचं गाणं लोकवाद्यावर आणणं म्हणजे कॅसेट लावून ढोलकी बडवणं नव्हे. पावरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. वर वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला शिंग. एक नळी सतत एकच सूर धरून भुणभुणते, दुसरीवर बोटं चालतात. वाजवणारा गालात हवा साठवतो आणि नाकानं श्वास घेत राहतो, म्हणजे आवाज तुटतच नाही. पण सूर मोजके. सिनेमातली बाई एकदम वर जाते, तेवढं वर जायला पावरीत जागाच नसते. मग तिथे वळसा घालावा लागतो. वर जाता येत नाही तर बाजूनं जायचं. सगळी कला त्या वळशात आहे. वळसा चांगला बसला की गाणं सिनेमाचं राहत नाही, डोंगरातलं होतं, आणि तरीही म्हातारीपासून पोरापर्यंत प्रत्येकजण ते ओळखतो.

आमचा पावरीवाला मोतीराम. चाळिशीचा, हरसूलच्या बाजूच्या पाड्यावरचा, आणि स्वतःबद्दल अतिशय चांगलं मत असलेला. "रेडूत वाजलं का माझ्या पावरीत वाजलंच समजा," असं तो कुणालाही सांगायचा. लग्नाच्या सुपाऱ्याही घ्यायचा. घोटीच्या एका गिऱ्हाइकानं त्याला बोलावलं आणि म्हणाला, "कॅसेटसारखं हुबेहूब वाजव, पण तो भोपळा पाहुण्यांना दिसू देऊ नको." मोतीराम मांडवाच्या कनातीमागे बसून रात्रभर वाजवत राहिला. मला ऐकून संताप आला. त्याला नाही आला. "दिसलो नाय, पन नाचले सगळे," म्हणाला.

ढोलकीवर बाळूदादा, आमच्याच वस्तीतला, माझ्या वडिलांच्या पार्टीतला. सुरात पक्का, बाकी सगळ्याला घाबरणारा. आणि शब्द नि आवाज माझा. असे आम्ही तिघं.

त्या वर्षी एक हिंदी गाणं इतकं चाललं होतं की हरसूलला जाणाऱ्या प्रत्येक काळ्यापिवळ्या जीपमध्ये तेच. नायक नायिकेच्या ओढणीमागे धावतो, असलं काहीतरी. मी ओढणी काढली आणि द्राक्षबागा घातल्या. डोंगरातली माणसं बागांवर जातात, छाटणीला, विरळणीला, डिपिंगला. डिपिंग म्हणजे द्राक्षाचा एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा. दिवसभर. हात पिवळे पडतात, सालटी निघतात. मजूर नेणारा मुकादम गावातून गाडी भरतो तेव्हा एक सांगतो आणि बागेत पोचल्यावर दुसरंच. गाणं त्यावर होतं. तीन कडवी. तिसरं संपलं की मी विचारायची, "पुन्हा फसणार का?" आणि लोकांनी हात वर करून ओरडायचं, "नाय! नाय! नाय!" प्रत्येक नायवर बाळूदादाची थाप. हा आमचा शेवट. बाजारांमधून लोकांना तो पाठ झाला होता.

आता ती दुपार.

बागांचा हंगाम संपून माणसं परत आली होती. ऊन असं की सुकटवाल्या बायकांनी डोक्यावर पाट्या घेतलेल्या. चहाच्या टपरीशी मुकादमाची दोन माणसं बसली होती. त्यांतला एक आधीच्या बाजारी मला म्हणाला होता, "गानं म्हन की, आमी कुठं नाय म्हनतो? फक्त एकटी जीपमदी बसू नको." तेव्हापासून मी पिशवीत मिरचीची पूड ठेवत होते. हसू नका. गाताना माझी एक नजर त्या टपरीकडे होती. मला वाटलं होतं भीती त्या बाजूनं येणार.

ती आली समोरून. गर्दीत पुढेच काळू उभा होता. बागेवरून नुकताच परतलेला, हात अजून पिवळेच. शेजारी त्याची बायको जनी. दुसऱ्या कडव्यात मोतीरामनं तो वरच्या जागेचा वळसा घेतला आणि काळूची मान हलली. पहिल्यांदा वाटलं, ठेका धरतोय. मग खांदे हलायला लागले. मग सगळं अंग, एखाद्या झाडाला कुणी बुंध्याशी धरून गदगदा हलवावं तसं. लोक मागे सरकले. एक म्हातारा म्हणाला, "वारं आलं."

वारं येणं म्हणजे अंगात देव येणं. इथे मार्गशीर्षात डोंगराचा देव करतात. नवस धरलेली माणसं घर सोडून राहतात, पावरी पुढे आणि ती मागे, असं अनवाणी डोंगरावर जातात. पावरीची एक चाल देवाला बोलावते, एक चाल परत पाठवते. काळूनं नवस धरलेला होता. पण हा मार्गशीर्ष नव्हता, आणि वाजत होतं ओढणीचं गाणं.

सांगून टाकते, मी हे मानत नाही. आजही नाही. त्या दिवशी माझ्या पिशवीत मिरचीपुडीखाली अंगात येण्याच्या विरोधातली पत्रकं होती, मीच लिहिलेली. मी गात राहिले. वाटलं, कडवं संपेल, तो शुद्धीवर येईल, पाणी पाजू.

तेवढ्यात हवालदार गर्दीतून घुसला. "बंद करा! परवानगी कुठंय?" आणि त्यानं मोतीरामच्या तोंडातून पावरी ओढून घेतली.

सूर अर्ध्यात तुटला. काळू एक क्षण थांबला, मग वळला आणि धावत सुटला. भांड्यांच्या दुकानातून, कोंबड्यांच्या पाट्यांवरून, बाजारामागच्या डोंगराकडे. त्या डोंगराला वर कडा आहे, सरळ तुटलेला. जनी किंचाळली, "आरं धरा त्याला! मधीच तोडलंय, तो कड्यावर जाईल!"

हवालदाराचा चेहरा उतरला. त्यानं पावरी दोन्ही हातांनी मोतीरामपुढे धरली, एखादं रडणारं पोर परत द्यावं तशी. "घे बाबा. वाजव. परवानगीचं नंतर बघू."

मोतीराम मात्र पावरीला हात लावेना. आम्ही डोंगराकडे पळत होतो आणि मी धावता धावता त्याच्यावर ओरडत होते.

"ती परत पाठवायची चाल वाजवा ना!"

"नाय वाजवायची! हंगाम नाय, भगताचं बोलावनं नाय!"

"अहो, माणूस मरेल!"

"ताय, तुमाला कळत नाय. मी देवाला बोलवलाच नाय. मी सिनेमाचं गानं वाजवलं. आता पाठवायची चाल वाजवली तर बोलवला व्हता असंच होतंय ना? भर बाजारात, बिनहंगामी? गाव मला ठेवील का?"

बाळूदादा धापा टाकत म्हणाला, "मग आला कसा?"

मोतीराम पळता पळता थांबला. मग खाली बघत म्हणाला, "त्या बाईचा वरचा सूर नाय माझ्या पावरीत. तिथं मी देवाच्या चालीतला वळसा घातला. छान बसत व्हता. वाटलं, कोनाला कळतंय."

त्याच वळशाचं मी प्रत्येक बाजारात कौतुक करत होते.

जनीनं हवालदाराच्या हातातली पावरी घेतली आणि मोतीरामच्या छातीशी दाबली. "देवाचं नको वाजवू. तुजं सिनेमाचंच वाजव. त्यानंच चढवलाय, त्यानंच उतरव."

डोंगर चढताना असलं गाणं कुणी वाजवलं नसेल. पुढे मोतीराम, गाल फुगवून, दगडांवरून ठेचकाळत. मागे बाळूदादा गळ्यात ढोलकी अडकवून, एका हातानं करवंदीच्या जाळ्या बाजूला करत. मी गातेय, आवाज कुठे आहे कुठे नाही. मागे हवालदार टोपी हातात घेऊन, आणि त्याच्यामागे अर्धा बाजार.

काळू कड्याच्या अगदी टोकाला बसला होता. पाय बाहेर सोडलेले. खाली झाडांचे शेंडे दिसत होते, एवढंच सांगते. पावरी ऐकली तसं त्याचं हलणं पुन्हा ठेक्यात आलं. जनीनं हात आडवा करून आम्हाला थांबवलं. जवळ जायचं नाही. धरायला गेलं तर तो झटकतो, आणि तिथे झटकायला जागा नव्हती.

म्हणजे वाजत होतं तोवर तो बसून होता. मोतीराम एकदा थुंकायला थांबला, तर काळू लगेच हातावर रेलून पुढे सरकला. मोतीरामनं घाईनं पावरी तोंडाला लावली. ओठ फुटले होते त्याचे.

आणि मग मला कळलं की आपल्याकडे शेवट नाही.

सिनेमाच्या गाण्यांना शेवट नसतोच. पुन्हा ऐकून बघा. गाणारी तीच ओळ परत परत म्हणते आणि आवाज हळूहळू बारीक होत जातो, कुणीतरी रेडिओ उचलून दूर निघून गेल्यासारखा. गाणं संपत नाही, आपल्याला ऐकू येईनासं होतं. आम्ही आजवर तिथे आमचं "नाय! नाय! नाय!" ठोकून द्यायचो. मागे वळून पाहिलं तर उतारावर शंभरेक माणसं श्वास रोखून उभी होती, आणि त्या प्रत्येकाला तो शेवट पाठ होता. मी तिसऱ्या कडव्यावर गेले असते तर सवयीनं सगळे हात वर गेले असते. कड्यावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे शंभर जणांची आरोळी!

मी तिसरं कडवं म्हटलंच नाही. दुसरं झालं की पुन्हा पहिलं. गाडी भरली, बागेत पोचलो, घड बुडवला, पुन्हा गाडी भरली. हवालदार खुणेनं विचारत होता, काय करू? मी ओठांवर बोट ठेवून लोकांकडे दाखवलं. तो खाली गेला आणि काठी आडवी धरून कुजबुजत एकेकाला सांगू लागला, "ओरडायचं नाही हं. हात जोडतो." आयुष्यात पहिल्यांदा पोलीस माझ्या बाजूनं होता. पण शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत ते पोचलं की नाही हे मला कसं कळणार?

बाळूदादा माझ्या कानाशी आला. "पोरी, कॅसेटसारखं करू. बारीक बारीक करत नेऊ. झोपेल तो."

मला पटलं. मोतीरामनं हवा कमी केली. बाळूदादाची बोटं नुसती चामड्यावर फिरायला लागली. मी गुणगुणत राहिले, मग तेही कमी केलं. काळूचं हलणं मंदावलं. मला वाटलं, झालं.

तो उठून उभा राहिला. कान पुढे करून. आवाज दूर चाललाय आणि आपल्याला त्याच्या मागे जायचंय, असा तो दरीकडे झुकला.

"मोठ्यानं!" जनी ओरडली. "मोठ्यानं, मोठ्यानं! घेऊन चाललाय तुमचं गानं त्याला!"

मोतीरामनं जोर लावला. काळू तसाच उभा, टाचा दगडावर, चवडे बाहेर. हे लिहितानाही माझे तळपाय गार पडतात. माझ्या पत्रकात एक वाक्य होतं, अंगात येणं हे ढोंग आहे, ढोंग्याला कुणी दाद दिली नाही की तो आपोआप थांबतो. मी ते वाक्य छापून हजारो लोकांना वाटलंय. कड्यावरचा तो माणूस ढोंग करत नव्हता. देव होता की नाही हे मला ठाऊक नाही. पडला असता तर मेला असता, हे ठाऊक होतं.

आणि माझा आवाज गेला. गाडी भरली, एवढं म्हटलं आणि पुढे नुसती हवा. मोतीरामची पावरीही मधेच चिरकायला लागली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढा फुशारकी मारणारा माणूस, डोळ्यांत पाणी. "ताय, दम नाय उरला. पाठवायची वाजवू का? वाजवतो. काय व्हायचं ते होऊ दे."

त्यानं बोटं नळीवर बदलून ठेवली. पण फुंकली तर नुसता फुस्स आवाज आला. फाटलेल्या ओठांत हवाच धरेना.

ढोलकी तेवढी चालू होती. एकटी.

तेव्हा जनी पुढे झाली. एक पाऊल, जास्त नाही. तिनं पदर कमरेला खोचला, मान मागे टाकली आणि आवाज लावला. तो तिचा आवाज नव्हता. जाडा, तंबाखू खाल्लेला, पुरुषी. बागेतला मुकादम संध्याकाळी बांधावर उभा राहून ओळींच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांना हाक मारतो, ती हाक. मी ती आधी कधी ऐकली नव्हती, शब्दांवरून ओळखली. माझ्या गाण्यात सगळं होतं, ही हाक नव्हती, कारण मी बागेत कधी संध्याकाळपर्यंत थांबलेच नव्हते.

"सुट्टी झाली रेऽऽ! ए काळ्या! सोड काम! गाडी लागलीऽऽ!"

बाळूदादाचा हात हवेत राहिला. मागच्या गर्दीत, माझ्या डोळ्यांसमोर, कितीतरी बायाबापड्यांनी नकळत हात झटकले.

काळूनंही झटकले. दोन्ही पिवळे हात, मनगटापासून, पाणी निथळावं म्हणून झटकतात तसे. मग मांड्यांवर पुसले. मग तो वळला. कड्याकडे पाठ करून, वाकून, वरच्या वेलीला डोकं लागू नये म्हणून बागेतून वाकून निघतात तसा, कुठेही वेल नसताना, वाकलेलाच चालत आमच्याकडे आला. हवालदारानं त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

कुणी आरोळी दिली नाही. कुणी हात वर केला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या माणसाकडे बघत होते आणि मला कड्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. डोंगराच्या देवाला त्याच्यातून निघायला एक चाल लागते, भगत लागतो, हंगाम लागतो. मुकादमाला त्याचं अंग हलवायला नुसती हाक पुरली.

काळू जनीसमोर येऊन थांबला. डोळे अजून कुठेतरी लांब होते. तिला ओळखलं की नाही कोण जाणे. मान खाली घालूनच त्यानं विचारलं,

"जेवनाची सुट्टी का घरची?"

जनीनं कमरेचा पदर सोडला, त्याचं तोंड पुसलं आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "घरची."